आहे त्या उजेडात

तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरापाशी येते तेव्हा दिवस मावळतीला लागलेला असतो. ज्येष्ठ वद्यातलं आभाळ ढगांनी भरलेलं असतं. देहूत इनामदारवाड्यातला पहिला मुक्काम आटोपून पालखी निगडीवरून इथे, दुसऱ्या मुक्कामाला येते. एका बाजूला मंडपातल्या ट्यूबा, दुसऱ्या बाजूला पथदिवे आणि मधे ओल्या डांबरावर सांडलेला दोन्हींचा उजेड. टाळकरी पावली खेळत पुढे सरकतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई एवढ्या रेट्यातही मान ताठ ठेवून चालते. कंपनीतून परस्पर आलेले कामगार अंगावरच्या गणवेशातच, चपला काढून कडेला उभे राहतात.

काही वर्षांपूर्वी याच कडेला मी कॅमेरा घेऊन उभा होतो. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स पूर्ण लांबवलेली, अपर्चर एफ/५.६, आयएसओ १६००, शटर एक पंधरांश सेकंद. लेन्सवरचं स्थिरीकरणाचं बटण चालू होतं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. मंदिराचा खांब लख्ख आला होता, पताकेची दोरीसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. टाळकऱ्यांचे चेहरे मात्र धुरासारखे विरले होते.

हात हलला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण हात हलला असता तर खांबही हलला असता. माझ्या हाताची थरथर लेन्सने निमूट सांभाळली होती. वारकरी चालत होते, आणि त्यांचं चालणं थांबवणं लेन्सच्या हातात नव्हतं. कमी उजेडात, हातात कॅमेरा धरून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला या दोन हालचाली कधी ना कधी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा सगळा पट्टा तीन पाळ्यांमध्ये जगणारा आहे. इथलं निम्मं आयुष्य दिव्यांच्या उजेडात घडतं आणि त्यात सतत कोणीतरी हलत असतं. म्हणून हा फरक इथे जितका नीट कळतो तितका क्वचितच कुठे कळत असेल.

हाताची थरथर आणि समोरची हालचाल

निरोगी माणसाचा हातही स्थिर नसतो. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा तो बारीक कंप पावतो. त्यात श्वास, छातीचे ठोके आणि शटर दाबतानाचा बोटाचा झटका मिसळतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर मोठी होऊन फोटोत उतरते. म्हणून जुना ठोकताळा असा, की ७० मिलिमीटरला शटर एक सत्तरांशाच्या आसपास हवं आणि २०० मिलिमीटरला एक दोनशेंश. त्याहून सावकाश शटर ठेवलं की फोटोत शेक येणार.

स्थिरीकरण या ठोकताळ्याला सवलत देतं. लेन्सच्या पोटात चिमुकले जायरो असतात. कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेगाने कलतोय, हे ते क्षणाक्षणाला मोजतात. त्या मोजमापावरून भिंगांचा एक गट अक्षाच्या आडवा, हात कललेल्याच्या उलट हिशेबाने सरकवला जातो. तो गट चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांवर तरंगता ठेवलेला असतो, ध्वनिवर्धकाचा पडदा हलतो साधारण त्याच तत्त्वावर. हात हलतो, पण सेन्सरवर पडणारी प्रतिमा जागची ढळत नाही.

या सवलतीचं माप ‘स्टॉप’मध्ये सांगतात. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने, सीपाने, ते मोजण्याची एकसारखी पद्धत ठरवून दिली आहे. लेन्सच्या खोक्यावर पाच स्टॉप लिहिले असतील तर ७० मिलिमीटरला एक सत्तरांशाऐवजी जवळजवळ अर्ध्या सेकंदापर्यंत जाता यावं, असा त्याचा अर्थ. चिंचवडला पवनेकाठच्या मोरया गोसावी समाधी मंदिरात पहाटे कोणी नसताना दगडी खांब टिपायचे असतील तर हे वरदान आहे. पण अर्ध्या सेकंदात वारकऱ्याचं एक पाऊल पडून गेलेलं असतं. तिथे पाच स्टॉप आणि शून्य स्टॉप यांत काहीच फरक उरत नाही.

समोरची हालचाल थांबवायची तर शटर वेगवान हवं. शटर वेगवान हवं तर त्या इवल्या वेळात जास्त उजेड आत आला पाहिजे, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं हवं. एफ/५.६ हा आकडा एफ/२.८च्या दुप्पट दिसत असला तरी उजेडाचा फरक चौपट असतो, कारण आकडा निम्मा झाला की छिद्राचा व्यास दुप्पट होतो आणि क्षेत्रफळ चौपट. आकुर्डीचाच हिशेब मांडू. एफ/५.६ला एक पंधरांश लागत होता, तिथे एफ/२.८ला एक साठांश पुरला असता. आयएसओ, म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याचं माप, १६०० वरून ३२०० केला की एक एकशेविसांश. एवढ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचा चेहरा सापडतो.

मग स्थिरीकरण कशाला? कारण पालखीच्या गर्दीत जवळ जाता येत नाही. लांबून, २०० मिलिमीटरवरून टिपताना एक दोनशेंश हवा असतो आणि हातात एक एकशेविसांशच असतो. मधली तफावत स्थिरीकरण भरून काढतं. मोठं छिद्र समोरच्याला धरतं, स्थिरीकरण आपल्याला. पुढे-मागे सरकायला जागा नसते तिथे झूमचा उपयोग होतो. हे तिन्ही गुण एकाच नळकांड्यात आणायला छायाचित्रणाच्या जगाला चार दशकं लागली.

मायक्रॉन कळणाऱ्या गावात

स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठीची पहिली झूम लेन्स १९५९ साली आली. तिचं नाव फोक्टलेंडर झूमार, पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर. फ्रँक बॅक यांनी तिची रचना केली होती. लक्षात ठेवण्यासारखं असं, की या पहिल्याच झूमचं छिद्र संपूर्ण पल्ल्यात एफ/२.८ होतं. वेगवान झूमची हौस झूमइतकीच जुनी आहे.

स्थिरीकरण फार पुढे आलं. १९९४ साली निकॉनने ते एका छोट्या कॅमेऱ्यात बसवलं. १९९५ साली कॅननची ७५-३०० मिलिमीटर लेन्स आली, एसएलआर कॅमेऱ्यावर बदलून लावता येणारी पहिली स्थिरीकृत लेन्स. तिचं छिद्र मात्र एफ/४ ते ५.६, उजेडाच्या बाबतीत हात आखडता. त्याच १९९५ मध्ये मोटारींच्या जगात एक घटना घडली. मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेत बॉशची ईएसपी यंत्रणा पहिल्यांदा बसली. ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय हे एक संवेदक मोजतो, चालकाने चाक जितकं वळवलं त्याच्याशी यंत्रणा ते ताडून पाहते आणि गाडी घसरू लागली तर नेमक्या एका चाकाला ब्रेक लावला जातो.

गाडीतला तो संवेदक आणि लेन्समधला जायरो एकाच कुळातले. आज दोन्हीकडे सिलिकॉनवर कोरलेला, सतत कंप पावणारा सूक्ष्म तुकडा असतो. वस्तू वळली की त्या कंपाची दिशा किंचित ढळते आणि त्या ढळण्यावरून वळणाचा वेग कळतो. घसरणारी गाडी असो वा थरथरणारा हात, मोजायचं तेच असतं. आणि मर्सिडीजने भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली तीही १९९५ मध्येच, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये तिचा कारखाना चाकणला गेला. पिंपरीत जोडल्या गेलेल्या त्या पहिल्या ई-क्लास गाड्यांत ही यंत्रणा नव्हती. तरी आज चाकणच्या जुळणी रांगेवर वळणाचा वेग मोजणारा संवेदक गाडीत बसवणारा तंत्रज्ञ, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पोटात काय चालतं हे कोणाही छायाचित्रकाराइतकंच जाणतो, असं म्हणायला हरकत नाही.

या पट्ट्यात लेन्सबद्दल बोलताना फार उलगडून सांगावं लागत नाही. ज्याने टूलरूममध्ये डायल गेज लावून जॉबचा रनआउट काढला आहे, त्याला भिंग अक्षावरून सरकलं म्हणजे काय होतं ते एका वाक्यात कळतं. लेन्स एकदा आपटली की पुष्कळदा बाहेरून ओरखडाही नसतो, पण फोटोची एक कड मऊ पडते. आत एक भिंग केसभर कललेलं असतं. स्थिरीकरणाच्या लेन्समध्ये तर एक गट मुद्दामच सुटा, हलता ठेवलेला असतो. हलला पाहिजे, पण प्ले येता कामा नये. मायक्रॉनची भाषा बोलणाऱ्या माणसाला त्यातली कारागिरी कळते आणि तिची किंमतही.

वजनही याच गणितातून येतं. २०० मिलिमीटरला एफ/२.८ हवं, तर २०० भागिले २.८, म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत आत घ्यावा लागतो. पुढची काच त्याहून मोठीच असणार. त्यात झूमचे सरकते गट आले, स्थिरीकरणाचा तरंगता गट आला. कॅननची ७०-२०० एफ/२.८ स्थिरीकरणासह २००१ साली आली. तिची दुसरी आवृत्ती जवळजवळ दीड किलोची होती. २००६ साली छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी १७-५५ एफ/२.८ आली, ती साडेसहाशे ग्रॅमच्या आतली. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुलफ्रेम कॅमेऱ्यांच्या २४-७० एफ/२.८ला स्थिरीकरण मिळायला २०१२ उजाडलं आणि तो मान टॅमरॉनने पटकावला. लग्नं टिपणारे छायाचित्रकार ज्या जोडीला नुसतं ‘चोवीस-सत्तर’ आणि ‘सत्तर-दोनशे’ म्हणतात, ती खऱ्या अर्थाने पूर्ण झाली ती तेव्हा.

ट्यूबखालचं लेथ

भोसरीच्या एमआयडीसीत संध्याकाळनंतर फिरलं की छोट्या वर्कशॉपची शटरं अर्धी वर दिसतात. आत ट्यूबचा किंवा एलईडीचा पांढरा उजेड, कूलंटचा वास, मशिनवर वाकलेला माणूस. डोळ्याला हा उजेड भरपूर वाटतो. कॅमेरा त्याला मिणमिणताच म्हणतो.

शिवाय हा उजेड अखंड नसतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते आणि मंदावते. जुन्या कामगारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. एकाच फेजवरच्या ट्यूबांखाली फिरतं लेथ कधीकधी थांबल्यासारखं किंवा सावकाश उलटं फिरत असल्यासारखं दिसतं आणि बेसावध हात पुढे जातो. म्हणूनच शॉपमधल्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर वाटून लावायची पद्धत पडली.

तीच लुकलुक फोटोत उतरते. शटर एक पाचशेंशावर नेलं की एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, एखाद्यावर आडवे पट्टे. स्वस्त एलईडी दिव्यांखाली आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर हा त्रास वाढतो. उपाय साधा आहे. शटर एक शंभरांश किंवा एक पन्नासांश ठेवायचं. मग दिव्याचे एक किंवा दोन पूर्ण ठोके प्रत्येक फोटोत येतात आणि उजेड सारखा राहतो.

म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांखाली शटरचा वेग पुष्कळदा वीजच ठरवते. हा एक पन्नासांश ते एक शंभरांशचा अरुंद पट्टा म्हणजे वेगवान, स्थिरीकृत झूमचं खरं घर. इतक्या सावकाश शटरला लांब लेन्स हातात धरायची तर स्थिरीकरण लागतं. इतक्या शटरला आयएसओ आवाक्यात ठेवायचा तर एफ/२.८ लागतं. आणि चालू मशिनभोवती वावरायची मोकळीक नसते, पिवळ्या पट्टीच्या अलीकडेच उभं राहावं लागतं, म्हणून झूम लागते.

तिसरी घंटा झाल्यावर

पिंपरी-चिंचवडकडे लोक कारखान्यांचं शहर म्हणून बघतात. पण शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये इथेच भरलं, जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपरीच्या संत तुकारामनगरातलं आचार्य अत्रे रंगमंदिर इथे पाळी संपवून आलेला प्रेक्षक नाटकाला बसतो.

रंगमंचाचा उजेड फसवा असतो. नटाच्या चेहऱ्यावर प्रखर झोत आणि मागे काळा पडदा. कॅमेऱ्याचा मीटर त्या काळ्याला भुलतो, जास्त उजेड घेतो आणि चेहरा पांढराफटक करतो. म्हणून चेहऱ्यापुरतं मोजमाप करून आकडे हाताने पक्के करावे लागतात. इथे स्थिर छिद्राच्या झूमचं मोल कळतं. साधी झूम लांबवत नेली की तिचं छिद्र एफ/३.५ वरून एफ/५.६ पर्यंत आवळत जातं आणि पक्के केलेले आकडे कोलमडतात. एफ/२.८ची झूम संपूर्ण मंच दाखवताना जेवढा उजेड घेते, तेवढाच एकट्या नटाचे डोळे दाखवतानाही घेते.

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. २०० मिलिमीटर, एफ/२.८, समोरचा माणूस पाच मीटरवर असेल तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात पुढे-मागे मिळून जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे धरले तर पुढे केलेला हात सुटतो. कीर्तनात मृदंगमण्याचा चेहरा आला तर थापेचा हात मऊ पडतो. ते टाळायला छिद्र आवळावं तर उजेड जातो. दर वेळी काय राखायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. महागड्या लेन्सनेही हा निर्णय सुटत नाही.

हँडलवरचा मोबाईल

आज वारीत सर्वात जास्त फोटो निघतात ते मोबाईलवर. चांगल्या मोबाईलची लेन्स एफ/१.८च्या आसपासची असते, तिच्यातही स्थिरीकरण असतं. पण सेन्सर नखाएवढा. ही उणीव मोबाईल हिशेबाने भरून काढतो. एका दाबात अनेक फोटो घेतो, एकावर एक जुळवतो आणि त्यांतला दाणेदारपणा पुसून काढतो. स्थिर देऊळ त्यात सुरेख येतं. हलत्या गर्दीत मात्र जुळवाजुळवीला मर्यादा येतात आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

दुचाकींच्या या पट्ट्यात एक गोष्ट सगळ्यांनी जाणून घ्यावी. मोटारसायकलच्या हँडलला मोबाईल अडकवून रस्ता बघणारे आकुर्डी ते चाकण रोज शेकड्यांनी दिसतात. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींची तीव्र कंपनं हँडलवाटे पोचली तर आयफोनमधलं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला. कारण उघड आहे. हाताची मंद थरथर सांभाळायला बनवलेल्या, तरंगत्या ठेवलेल्या इवल्या भागाला इंजिनाचे हादरे सोसायला लावणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर लोखंड तोलणं.

मोठ्या लेन्सचा शत्रू निराळा. वारी पावसाळ्यात येते. भिजलेल्या बॅगेत लेन्स तशीच राहिली की आषाढ-श्रावणात आतल्या काचेवर बुरशीचे धागे पसरतात. बुरशी काचेवरचा लेपच खाते, आणि कमी उजेडात दिव्यासमोर धरताच सगळा फोटो पांढुरका होतो. घरी येताच लेन्स कोरडी पुसावी, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी आणि मुख्य म्हणजे वापरत राहावी.

रात्रपाळीचे चेहरे

एवढ्या तांत्रिक गोष्टी लिहिल्या त्या एका कारणासाठी. या पट्ट्याच्या रात्रीचे फोटो फार थोडे आहेत.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, पुढे चाकण वाढलं. या साऱ्या काळाचे जे फोटो आपल्याला दिसतात त्यांत उद्घाटनाच्या फिती असतात, फुलं वाहिलेली पहिली गाडी असते, वर्धापनदिनाचे सत्कार असतात. पहाटे साडेतीनला फोर्जिंगच्या भट्टीसमोर उभा असलेला माणूस त्यांत नसतो. त्याच्या घरी लग्नाचा अल्बम असतो, कामाचा एकही फोटो नसतो. पुष्कळ कंपन्यांच्या गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं जातं, त्याला व्यवसायाची कारणं आहेत. पण त्याचा एक परिणाम असा, की तीस-पस्तीस वर्षं जिथे घालवली तिथला स्वतःचा चेहरा कामगाराकडे नसतो.

हे काम करता येतं याचे दाखले आपल्या मराठी छायाचित्रकारांनी घालून दिले आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत राहून त्यांचं काम आणि त्यांची घरं कृष्णधवल फोटोंत उभी केली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी या दोन्हींवर छायाचित्रांची पुस्तकं केली. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्यासाठी थांबलेली वाटत नाहीत, ती आपल्या कामात असतात.

फ्लॅशने हेच बिघडतं. फ्लॅश मारला की उजेड मिळतो, पण तो आपला असतो. भट्टीचा तांबडा उजेड, वेल्डिंगची निळी झाक, देवळातल्या समईचा पिवळा, हे सगळं एका पांढऱ्या झगझगाटात पुसलं जातं. शिवाय समोरचा माणूस दचकतो. चालत्या प्रेसपाशी त्याचं दचकणं धोक्याचं आहे, कीर्तनात रंगलेल्याचं दचकणं दुःखाचं. आहे त्या उजेडात, तीन पावलं मागे उभं राहून, त्याचं काम न अडवता फोटो घेता येतो ही वेगवान, स्थिरीकृत झूमची खरी कमाई आहे. मात्र लांबून घेता येतो म्हणून न विचारता घेऊ नये. आधी बोलावं, चहा घ्यावा, नंतर फोटो त्याच्या हातात द्यावा.

सुरुवातीला खंडेनवमी चांगली. त्या दिवशी वर्कशॉपची शटरं पूर्ण वर असतात, मशिनना झेंडूच्या माळा असतात, घरची मंडळी आलेली असतात आणि फोटोला कोणी नाही म्हणत नाही. लेन्स स्वतःचीच हवी असंही नाही. चोवीस-सत्तर किंवा सत्तर-दोनशे एका दिवसाच्या भाड्याने मिळते, जुनीही परवडते. २००६ची लेन्स आजही तेवढाच उजेड आत घेते.

यंदा पालखीच्या संध्याकाळी मी आकुर्डीत त्याच कडेला उभा होतो. या वेळी भाड्याची सत्तर-दोनशे होती. एफ/२.८, आयएसओ ३२००, शटर एक शंभरांश. पाऊस भुरभुरत होता. निळ्या गणवेशातला एक कामगार दिंडीत शिरला, कोणीतरी त्याच्या हातात टाळ दिले आणि तोही पावली धरू लागला. कंपनीचं ओळखपत्र अजून त्याच्या गळ्यातच होतं. मी पाच-सहा फोटो घेतले. दिंडी थांबल्यावर त्याला दाखवले आणि त्याच्याच मोबाईलवर पाठवले.

त्यातला एक मी ठेवला आहे. त्याचे डोळे मिटलेले आहेत आणि पापण्यांवरचं पाणीसुद्धा दिसतं. हातातले टाळ मात्र फिकट रेघ होऊन गेले आहेत. एक पाचशेंश ठेवला असता तर तेही थांबले असते. मला ते थांबायला नको होते. माझ्या हाताची थरथर त्या फोटोत कुठेच नाही. जी हालचाल उरली आहे, ती सगळी त्याची आहे.